लाडूच्या आईने दिलेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री शटर ओढताना वाचला. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण आधी आमचं रजिस्टर आणि लाडूचे रिपोर्ट पुन्हा काढून बघायचे होते, आणि त्या रात्रीच्या फोनबद्दल दुकानातल्या मुलांशी बोलायचं होतं.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात सांगते. लाडू सात वर्षांचा शिह त्झू. मार्चमध्ये लघवीतून रक्त गेलं, एक्स-रेत लघवीच्या पिशवीत दोन खडे दिसले आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. ते टळलं तर बरं, म्हणून तुम्ही घोडबंदर रोडवरच्या आमच्या दुकानात आलात. तीन महिने आमचं ताजं अन्न, वनस्पतींचे थेंब आणि सल्ल्याची फी मिळून ११,५०० रुपये झाले. खडे होते तिथेच राहिले. जुलैत एका रात्री त्यातला एक नळीत अडकला आणि ऑपरेशन करावंच लागलं. तुम्ही लिहिलंय, "नैसर्गिकच्या नावाखाली आशा विकतात. काहीच उपयोग झाला नाही. त्या रात्री फोन केला तर म्हणे पाणी जास्त पाजा."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. ते वाचून मला झोप लागली नाही.

तुमचा फोन पावणेनऊला आला होता. लाडू अर्धा तास पाय वर करून उभा राहतोय, कुंथतोय आणि थेंबभरच येतंय, असं तुम्ही सांगितलंत. आमच्या मुलाने सांगितलं की अन्नात पाणी वाढवा, सकाळी मॅडमना विचारतो. हे साफ चुकीचं होतं. वाट बंद असताना पाणी पाजलं की पिशवी आणखी तुंबते. नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रनळी त्या हाडाच्या खोबणीतून जाते. तिथे नळीला फुगायला जागा नसते, म्हणून पिशवीतून निसटलेला खडा नेमका त्या हाडामागे अडकतो. लघवी तुंबली की मूत्रपिंडावर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाची लय बिघडते. बोक्यांची नळी तर इतकी अरुंद असते की त्यांना हे फार पटकन होतं, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

तुम्ही आमचं ऐकलं नाहीत. भर पावसात रात्री अकराला डॉक्टर गाठलेत, म्हणून आज लाडू घरी आहे.

त्या मुलाला तुम्ही बोल लावू नये असं मला वाटतं. तो कॉलेज करून संध्याकाळी काउंटरवर बसतो. अशा फोनवर काय सांगायचं हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं, तेव्हा चूक माझी. आता फोनजवळ मोठ्या अक्षरांत कागद लावलाय: "शू होत नाही, कुंथतोय, थेंबथेंब येतेय: लगेच डॉक्टरांकडे जा." दुकानातल्या कोणीही याच्या पुढे एक शब्द जोडायचा नाही. हे वाचणाऱ्या बोकेवाल्यांनाही हात जोडून सांगते: तो सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत असेल, ओरडत असेल, तर बद्धकोष्ठ असेल म्हणून सकाळची वाट बघू नका.

आता भिंतीवरच्या फोटोबद्दल. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण मला करायला हवा. काउंटरच्या मागे दोन एक्स-रे शेजारीशेजारी लावले होते. पहिल्यात कोलशेतच्या एका लॅब्रेडोर मादीच्या पिशवीत लिंबाएवढा खडा, दुसऱ्यात अडीच महिन्यांनंतरची रिकामी पिशवी. फोटो खरे होते. पण तो खडा स्ट्रुव्हाइटचा होता, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. कुत्र्यांमध्ये तो बहुतेक वेळा जंतुसंसर्गातून होतो. काही जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करून ती अल्कधर्मी करतात आणि मग हा खडा बनतो. जंतूंवर अँटिबायोटिक दिलं आणि डॉक्टरांनी ठरवलेला आहार पाळला की तो खरोखर विरघळतो. त्या मादीच्या बाबतीत ते सगळं डॉक्टरांनी केलं होतं. आम्ही फक्त तिच्या घरच्यांना ते रोज नेटाने करायला मदत केली.

लाडूचं चित्र वेगळं होतं. मार्चच्या रिपोर्टात लघवीचा पीएच ६, म्हणजे आम्लधर्मी. जंतू नाहीत. एक्स-रेत खडे ठसठशीत आणि काटेरी कडांचे. शिह त्झू जात, नर, मध्यम वय. खडा हातात येऊन त्याची तपासणी झाल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, पण हे सगळं कॅल्शियम ऑक्झलेट या दुसऱ्या प्रकारच्या खड्याकडे बोट दाखवत होतं. आणि कॅल्शियम ऑक्झलेटचा झालेला खडा कुठल्याही अन्नाने, औषधाने किंवा काढ्याने विरघळत नाही. तो बाहेरच काढावा लागतो.

पहिल्या दिवशीची माझ्या हातची नोंद रजिस्टरमध्ये आहे: "विरघळतील असं सांगता येत नाही." मी ते बोलले होते. पण तुम्ही ते त्या फोटोखाली बसून ऐकलंत. शिवाय "डॉक्टर ऑपरेशनचं सांगतायत ते बरोबर आहे, आधी ते करा, मग माझ्याकडे या" हे सरळ वाक्य मी म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. तुम्ही घाबरलेल्या होतात, तुम्हाला धीर द्यावासा वाटला, आणि मी त्या धीराचे पैसे घेतले. तुमचं "आशा विकतात" हे वाक्य मला मान्य आहे. फोटो काढून टाकला आहे.

थेंबांबद्दल. गोखरू, वायवर्णा, पुनर्नवा या वनस्पती आयुर्वेदात अश्मरीसाठी, म्हणजे मुतखड्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या जातात. माझ्या वडिलांना मुतखडा झाला होता तेव्हा आई रोज कुळथाचं कढण करायची, ते मी लहानपणी पाहिलंय आणि त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण माणसाचा खडा बहुधा मूत्रपिंडात होतो आणि लहान असला तर खाली सरकत आपोआपही पडतो. कुत्र्याचे खडे बहुतेक पिशवीत साठतात. कढणाने वडिलांना बरं वाटलं म्हणून लाडूचा खडा विरघळेल, असं म्हणायला माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. खड्यांसाठी थेंब देणं आम्ही बंद केलं आहे. थेंबांचे आणि सल्ल्याच्या फीचे मिळून ४,३०० रुपये आज तुमच्या नंबरवर पाठवले आहेत. अन्नाचे पैसे मात्र परत करत नाही. का ते पुढे सांगते.

त्याआधी आणखी एक चूक. तुम्हाला दिलेल्या छापील तक्त्यात "हिरव्या पालेभाज्या चालतील" असं होतं. तो सगळ्या कुत्र्यांसाठी एकच तक्ता होता. तुम्ही प्रेमाने लाडूला आठवड्यातून तीनदा पालक घातलेला भात देत होतात, हे मला जूनमध्ये कळलं. पालक, अळू, राजगिरा, बीट यांत ऑक्झलेट भरपूर असतं. अळूचं फदफदं करताना आपण चिंच का घालतो? घसा खवखवू नये म्हणून. ती खवखव कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुयांची असते. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असलेली गोष्ट, आणि माझ्या तक्त्यात ती नव्हती. लाडूसाठी दुधी, पडवळ, काकडी बरी. कॅल्शियम मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका. आतड्यात कॅल्शियम कमी पडलं की उलट जास्त ऑक्झलेट शरीरात शोषलं जातं.

क्रॅनबेरीच्या गोळ्या आम्ही दिल्या नाहीत याचाही तुम्हाला राग आहे. ते मी पुन्हाही करीन. लाडूला जंतुसंसर्ग नव्हता आणि क्रॅनबेरीत स्वतःचं ऑक्झलेट असतं. आवळ्याचा रसही त्याला देऊ नका, कारण जादा क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट बनतं.

"काहीच उपयोग झाला नाही" हे मात्र मला मान्य नाही, आणि ते मी भांडायला म्हणत नाही. मार्चमध्ये लाडूच्या लघवीची घनता (साध्या पाण्याची १ धरली तर) १.०४६ होती. जूनमध्ये ती १.०२२ वर आली. खडे होणाऱ्या कुत्र्यांत ती १.०२० च्या खाली ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. लघवी जितकी पातळ, तितके त्यातले क्षार एकत्र येऊन खडा धरायची शक्यता कमी. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, ओल्या अन्नात सत्तरच्या वर. लाडू वाटीतलं पाणी पीत नव्हता, ते अन्नातून त्याच्या पोटात गेलं. झालेले खडे याने गेले नाहीत आणि जाणारही नव्हते. पण ऑपरेशननंतर हाच भाग कामाचा आहे, कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा होतात. तीन वर्षांत जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत ते परत दिसतात. आमच्याकडूनच घ्या असं मुळीच नाही. घरचं करा, डॉक्टरांनी सांगितलेलं डब्यातलं घ्या, कोरड्या दाण्यांत कोमट पाणी घालून भिजवून द्या. टँकरच्या जड पाण्याची चिंता आपल्या भागात सगळेच करतात, पण कुत्र्याच्या बाबतीत कुठलं पाणी यापेक्षा किती पाणी हे जास्त महत्त्वाचं.

"दिवसातून पाच वेळा खाली न्या म्हणे, नोकरी करणाऱ्याला शक्य आहे का?" असंही तुम्ही लिहिलंय. ताई, ते मी फार सहज बोलून गेले. तुम्ही एकोणिसाव्या मजल्यावर राहता, सकाळी पावणेआठची लोकल पकडता, सोसायटीत कुत्र्यांसाठी एकच लिफ्ट आहे. लाडू सकाळी सातला खाली जातो आणि मग थेट रात्री आठला. पावसाळ्यात तर तो दाराबाहेरच्या पायपुसण्यावर बसून राहतो, पाय ओले करायला तयार नसतो. माझ्याकडे येणाऱ्या टॉवरमधल्या लहान कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांची हीच कथा आहे. ती बिचारी घर खराब करत नाहीत, तेरा तास धरून ठेवतात, आणि आपण त्याला शहाणपणा म्हणतो. पाच फेऱ्या जमणार नाहीत हे खरं. मग बाल्कनीत एका ट्रेमध्ये गवताची लादी ठेवून बघा. खाली शू केलेल्या जागेचा टिश्यू त्यावर एकदोनदा ठेवलात तर वासाने त्याला कळेल. शिकायला दोन-तीन आठवडे लागतील, रागावू नका. शेजारच्या आजोबांना तो आवडतो असं तुम्हीच सांगितलं होतंत. दुपारची एक फेरी ते मारतील का, विचारून बघा.

काढलेला खडा तपासायला पाठवलाय असं तुम्ही लिहिलंय. तो रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखवा. पोटॅशियम सिट्रेटसारखं औषध द्यायचं की नाही हे तेच ठरवतील. दर तीन-चार महिन्यांनी सोनोग्राफी किंवा एक्स-रे करायचा का हेही त्यांनाच विचारा, आणि ते टाळू नका. नवे खडे अगदी बारीक असतानाच सापडले तर काही वेळा भूल देऊन, पिशवी सलाइनने भरून, दाबून बाहेर काढता येतात. पोट उघडावं लागत नाही.

रिव्ह्यू बदलू नका. पुढच्या माणसाने तो वाचूनच आमच्या दुकानात पाऊल ठेवावं.

घरी आमच्या थेंबांची उरलेली बाटली असेल तर ऑपरेशननंतरच्या औषधांबरोबर ती लाडूला देऊ नका.