थडगी साहेबांची, घुमट कुणाचे?

रविवारी सुरतेतल्या कातारगामचं इंग्रज कबरस्तान आणि पलीकडचं डच कबरस्तान पाहून थेट उधन्याच्या कट्ट्यावर आलो. चहा यायच्या आतच नानांनी सुरुवात केली.

"महाराजांनी १६६४ साली सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांची वखार लढवायला उभा राहिलेला तो जॉर्ज ऑक्झेंडन. त्याच्या थडग्याच्या डागडुजीला सरकारी पैसा कशाला?"

"नाना, त्याच घराण्यातला हेन्री १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन उभा होता," मी म्हटलं. "इतिहास एका बाजूने कापता येत नाही."

खरं तर ते थडगं आधी जॉर्जच्या भावाचं, ख्रिस्तोफरचं. तो १६५९ मध्ये गेला. त्याच्या लेखात मरणाचाही हिशोब मांडलाय: खातेवहीत वर्षं नाहीत, दिवसच लिहिता आले. दहा वर्षांनी जॉर्ज वारला आणि त्याच वास्तूवर दुसरा मजला चढला. मग डचांना चेव आला. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा बडा अधिकारी व्हान रीड १६९१ च्या डिसेंबरात जहाजावर वारला, त्याला सुरतेत पुरलं आणि वर दुमजली अष्टकोनी घुमट उभा केला, इंग्रजांच्या वरताण.

"म्हणजे मेल्यावरही चढाओढ!" नाना म्हणाले. "मोठेपणाचा देखावा तो."

देखावा होताच. पण तो कुणापुढे? मुघल सुभेदारापुढे. म्हणून तर कमानी, घुमट, छत्र्या सगळं इथलं उचललं. त्यांच्या मायदेशी कबरीवर असला घुमट कोण बांधत होतं?

आप्पा गवंडीकामाचे मुकादम, एवढा वेळ गप्प होते. मी मोबाइलवर फोटो दाखवला. एका कमानीचा गिलावा सुटलाय, आत पातळ विटा दिसतात. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. "चुन्याचं काम आहे. यावर कुणी सिमेंट थापलं, तर ओल आतच कोंडेल आणि वीट भुगा होईल. चुन्याला चुनाच लागतो." मग म्हणाले, "बांधणाऱ्यांची नावं आहेत का कुठे?"

मी दोन्हीकडे फिरून पाहिलं होतं. मला एकही सापडलं नाही.

मला बोचतं ते हेच. व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा 'होर्टुस मलाबारिकुस' करवला. १६७८ च्या पहिल्या खंडात इट्टी अच्युदन वैद्याची साक्ष आहे. रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी पंडितांची नावंही आहेत, त्यांचा मजकूर नागरी लिपीत छापलाय. ज्याने माहिती देणाऱ्यांची नावं छापली, त्याच्याच घुमटावर गवंड्याचं नाव नसावं?

"मग जपायचं ते त्या गवंड्यांसाठी," मी म्हटलं. "साहेबांची नावं पुस्तकात राहतीलच. गवंड्यांची मात्र ही एवढी कमानच उरलीय."

नाना बराच वेळ बोलले नाहीत. आप्पांनी फोटो पुन्हा मागितला आणि कमानीच्या विटा खालून वर मोजायला लागले.