उंटाच्या पिल्लाला कोंबड्यांची पूड पाजू नका

आमच्या वावरात मेंढरं बसवायला येणाऱ्या कच्छी रबाऱ्याच्या पोरानं परवा मोबाइल पुढे केला, ‘काका, हे करू का?’ फिरत फिरत आलेला एक निरोप होता. उंटाच्या पिल्लाला चिकातून जंत होतात, तो पिळून टाका. हगवण लागली की कोंबड्यांची कॉक्सीची पूड चमचाभर दुधातून द्या. कडुनिंबाचा रस पाजा. मोठा उंट वाळवंटातला, त्याला जंत होत नाहीत. वाचून डोकं फिरलं. पोराची उंटीण महिनाभरात व्यायची आहे.

आधी पुडीचं, कारण ती जीव घेते. उंटाच्या पिल्लांना कॉक्सिडिओसिस, म्हणजे कॉक्सी हा हगवणीचा रोग होतो, हे खरं. आयमेरिया कॅमेली नावाचा परजीवी आतड्यात शिरतो आणि पिल्लू हगून हगून गळतं. इथपर्यंत निरोप बरोबर, म्हणून तर माणसं फसतात. पण कोंबडीखाद्यात मिसळायच्या अनेक पुड्यांत सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असतं. कोंबडीला पचणारं हे औषध उंटाला आणि घोड्याला विष आहे. पेशींतला क्षारांचा तोल बिघडतो, स्नायू आणि हृदय निकामी होतं. संयुक्त अरब अमिरातीत उंटांच्या पैदाशीच्या कळपाला सॅलिनोमायसिनची विषबाधा झाली होती. तो अहवाल 1998 साली बिकानेरहून निघणाऱ्या उंटविषयक संशोधन पत्रिकेत छापून आला. ते मोठे उंट होते. इथे दूधपितं पिल्लू आहे, आणि माप काय, तर चमचाभर! काही पुड्यांत अँप्रोलियम असतं, ते औषध वेगळं. पण पाकिटावरचं नाव न वाचता ‘कॉक्सीची पूड’ म्हणून पाजायला सांगणाऱ्याला काय म्हणावं?

चिकाचं तर उलटंच आहे. पिल्लाला रोगप्रतिकारशक्ती गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते, आणि आतडं ती पहिल्या दिवसातच नीट शोषून घेतं. जंतांची अंडी चिकात नसतात, शेणात असतात. चीक पिळून टाकलात तर पिल्लू कुठल्याही हगवणीला बळी पडेल.

कडुनिंबाचा पाला उंट एरवीही खातात. त्यानं जंत पडत असते तर प्रश्नच नव्हता.

राहिला मोठा उंट. कोरड्या रणात, कडक उन्हात जंतांच्या अळ्या मरतात, एवढं मान्य. पण हे कळप विदर्भात पावसाळा काढतात. ओल्या गवतावर अळ्या जगतात. हिमाँकस हा रक्तपित्या जंत मोठ्या उंटाच्या जठरात राहतो, अंडी शेणातून बाहेर पडतात आणि तिथंच पिल्लू चरायला शिकतं. आणि हो, रक्त कमी होऊन पापणी आतून पांढरी दिसली म्हणजे जंतच, असंही नाही. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा या रोगातही रक्त कमी होतं.

हगवण लागली तर ताजं शेण डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. औषध पिल्लाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांना ठरवू द्या. पूड आधीच पाजली असेल तर लपवू नका. पाकीट सोबत न्या आणि किती पाजली, कधी पाजली ते सांगा.