ससेमिरा

माझ्या आयुष्याची पहिली सव्वीस वर्षे गिरगावातल्या एका चाळीत, गॅलरीच्या टोकाला असलेल्या चार सामाईक संडासांपुढच्या रांगेत गेली. मजल्यावर सोळा बिऱ्हाडे होती, चारांपैकी एका संडासाची कडी कायम तुटलेली असे, आणि उरलेल्या तिघांपुढे सकाळी सहापासून टमरेलांची ओळ लागे. त्या रांगेत मी तीसपर्यंतचे पाढे पाठ केले, एस.एस.सी.चा इतिहास वाचला, आणि नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी पुढच्या सहा जणांनी मोठ्या मनाने वाट करून दिली म्हणूनच वेळेवर पोचलो. त्यामुळे स्वतंत्र संडास ही काय चीज आहे, हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरातल्या एका सभासदाला वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून स्वतःच्या मालकीचा, हवेशीर आणि दुसरे कुणीही वापरत नसलेला संडास मिळालेला असताना त्याने उठून माझ्या अंथरुणात जावे, ही गोष्ट मला घाणेरडी तर वाटलीच, पण त्याहून अधिक ती कृतघ्नपणाची वाटली.

हा सभासद म्हणजे ढब्बू नावाचा ससा. चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर मी, पत्नी, कन्या आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई असे चौघे सुखाने राहत असताना कन्येच्या मैत्रिणीचे कुटुंब बंगळूरला गेले आणि ‘फक्त पंधरा दिवसांसाठी’ हा ऐवज आमच्याकडे ठेवून गेले. त्या पंधरा दिवसांना आता दोन वर्षे होतील. ससा फार स्वच्छ असतो, एक कोपरा ठरवतो आणि तिथेच जातो, असे कन्येने सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. उथळ, रुंद प्लास्टिकचा टब घ्यावा, तळाशी कागदाच्या लगद्याच्या गोळ्या पसराव्यात आणि एका कडेला भरपूर गवत ठेवावे, की ससा आपणहून टबात जाऊन बसतो. कारण पुढून खाता खाता मागून मोकळे होण्याची त्याला जन्मजात सवय असते. हे कळल्यावर आईने दोन दिवस टबाकडे पाठ करून जेवण केले. मी काटकसर म्हणून मांजरांसाठी मिळणारी माती आणायला निघालो होतो, पण डॉक्टरांनी वेळीच थांबवले. ओली झाली की घट्ट गोळा होणारी ती माती सशाने खाल्ली, तर तोच गोळा त्याच्या पोटात होतो.

गवताची सोय मात्र आम्हां गिरगावकरांना घरबसल्या आहे. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ सालचा. तिथे गाईला चारा घालून पुण्य जोडायला आलेल्या भाविकांसाठी हिरव्या गवताच्या पेंड्या विकायला असतात. मी एक पेंडी विकत घेऊन, गाईकडे न पाहता, ती पिशवीत कोंबून घराकडे वळतो, तेव्हा गवतवाली माझ्याकडे ज्या नजरेने पाहते ती नजर मी यापूर्वी फक्त ऑडिटरच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. बाकीचे वाळलेले गवत पाकिटातून येते आणि त्याच्या किलोच्या भावाची चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर न केलेली बरी.

आता लेंड्यांविषयी. निरोगी ससा दिवसाला दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. मी हिशेबखात्यात नोकरी केलेली असल्यामुळे मध्यम आकडा धरून वर्षाचा गुणाकार केला. तो ९१,२५० आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. पण खरे सांगायचे तर लेंडी हा तक्रारीचा विषयच नव्हे. ती वाळलेली, वाटाण्याएवढी, गवताचाच वास असलेली वस्तू आहे. चार इकडेतिकडे सांडल्या तर केरसुणीने गोळा होतात, आणि कुजवण्याची वाट न पाहता थेट कुंडीत घालता येतात. आमच्या खिडकीतला कढीपत्ता त्या खतावर असा माजला, की शेजारणी वाटी घेऊन खताची मागणी करू लागल्या. तुळशीला हे खत चालते का, हा प्रश्न आईने दोन गुरुजींना विचारला, दोन वेगळी उत्तरे मिळाली, आणि तिने सोयीचे उत्तर स्वीकारले.

तक्रारीचा खरा विषय म्हणजे लघवी.

ढब्बूला पाचवा महिना लागला आणि जुलै महिना सुरू झाला, हे दोन योग एकाच वेळी जुळून यायला नको होते. एका रात्री मी पंखा लावून आडवा झालो आणि पाठीखाली काहीतरी कोमट लागले. पलंगावर दोन माणसे झोपतात, पण गादीची पत्नीच्या बाजूची अर्धी बाजू कोरडी ठणठणीत होती. हद्द जणू भूमापन अधिकाऱ्याने आखून दिलेली. गादी कापसाची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. मुंबईच्या पावसाळ्यात जिथे रुमाल वाळायला तीन दिवस लागतात, तिथे कापसाची गादी वाळवणे म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय समजणार नाही. मी आणि कन्या ती गादी लिफ्टमध्ये उभी करून, तिच्या दोन अंगांना चिकटून, गच्चीवर नेऊ लागलो, तर सातव्या मजल्यावर राहणारे गृहस्थ लिफ्टमध्ये शिरले. त्यांनी डागाकडे पाहिले, नंतर आदराने नजर वळवली, आणि उतरताना हळू आवाजात विचारले, ‘‘आईंची तब्येत बरी आहे ना?’’

हे आईच्या कानावर गेल्यानंतर घरात जो प्रसंग उद्भवला त्याचे वर्णन करीत नाही. ‘‘मी चौऱ्याऐंशी वर्षांत कुणाची चादर भिजवली नाही,’’ एवढे वाक्य तिने त्या आठवड्यात दारावर आलेल्या प्रत्येकाला ऐकवले. त्यात गॅसचे सिलिंडर आणणारा मुलगाही होता.

पुढच्या पंधरवड्यात तीच जागा चार वेळा भिजली. मी रोजनिशीत तारीख, वेळ आणि स्थळ नोंदवू लागलो. व्हिनेगरच्या बाटल्या आल्या, कारण सशाचे शरीर जास्तीचे कॅल्शियम लघवीतून बाहेर टाकते, ती वाळली की पांढरट खरवड उरते, आणि त्या खरवडीला साबण नव्हे, आंबटच लागू पडते. महिनाभर आमच्या घराला लोणच्याच्या कारखान्याचा वास होता. एकदा तर टबातला कागद विटकरी लाल झालेला पाहून मी रक्त समजून घाबरलो. डॉक्टरांनी सांगितले, की पालापाचोळ्यातल्या रंगद्रव्यांमुळे असे होते, फार मनावर घेऊ नका. आई म्हणाली, ‘‘कोकमाच्या आगळासारखं दिसतंय,’’ आणि त्या दिवशीची सोलकढी कुणी प्यायले नाही.

मी रागावूनही पाहिले. ढब्बूने माझे भाषण शांतपणे ऐकले, मागचा पाय जमिनीवर एकदा जोरात आपटला, आणि पाठ फिरवून, दोन्ही मागचे पंजे माझ्या दिशेने झटकत, निघून गेला. सशाला रागावण्याचा उपयोग नसतो, कारण आपला आवाज आणि त्याचे तासापूर्वीचे कृत्य यांचा संबंध त्याला लागत नाही. तो फक्त आपल्याला घाबरायला शिकतो, असे कन्येने मला समजावले. हातात पुसणे घेऊन पलंगाखाली ओणव्याने फिरताना मला ‘ससेमिरा’ हा शब्द आठवे. त्याचा सशाशी काडीचाही संबंध नाही. एका जुन्या संस्कृत कथेत वेड लागलेला राजपुत्र चार श्लोकांची आद्याक्षरे तेवढी बडबडत फिरतो, त्यांतून तो आला आहे. तरीही हा शब्द ज्याने मराठीत रुळवला, त्याच्या घरी नक्की ससा असणार.

कारण डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितले. तीन ते सहा महिन्यांच्या वयात नर ससा वयात येतो आणि आपली हद्द आखू लागतो. हनुवटी घासून आखतो, लेंड्या पेरून आखतो, आणि जिथे दुसऱ्या कुणाचा वास जबरदस्त असेल तिथे लघवीने आखतो. दुसऱ्या कुणाचा म्हणजे माझा. पत्नीने याचा अर्थ ‘‘त्याला तुम्ही आवडता हो,’’ असा लावला. मला मात्र तो जागेच्या मालकीचा सरळ दिवाणी दावा वाटला. उपाय शस्त्रक्रियेचा होता. आईच्या लेखी मुंबईत जनावरांचा दवाखाना एकच, तो म्हणजे परळचे बैलघोडा हॉस्पिटल. ससे नेहमी तपासणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे आपण जात आहोत हे तिला पटवण्यात एक रविवार गेला. मग कशाची शस्त्रक्रिया, हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘लग्न नाही, कार्य नाही, आणि एकदम हेच?’’

शस्त्रक्रियेनंतर अंगातली संप्रेरके ओसरायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस शयनगृहाचे दार बंद ठेवले, ढब्बूला टबासह छोट्या कुंपणात राहू दिले, त्याने बाहेर जे काही केले ते कागदाने टिपून कागद टबात ठेवला, म्हणजे वासावरून त्याला आपला पत्ता कळावा. मग कुंपण दर आठवड्याला हातभर वाढवले. पाचव्या आठवड्यात रोजनिशीत सलग सात दिवस ‘निरंक’ असा शेरा पडला आणि मी ऑफिसात पेढे नेले. कशाचे ते सांगितले नाही.

वर्षभर सगळे सुरळीत चालले. मग गणपती आले. आमचा मखर हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्यात असतो, आणि टबही तिथेच होता. टब उचलून मोरीच्या दाराशी ठेवला, कोपरा तीनदा पुसला, गोमूत्र शिंपडले, चौरंग मांडला. दुपारच्या आरतीला नातेवाईक जमले. आमच्या एका काकांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, पण अन्नाला पाय लागू नये याबाबत त्यांचा कटाक्ष फार. आरती संपल्यावर ते चौरंगाजवळ वाकले, काहीतरी एकेक करून वेचत राहिले, आणि ओंजळ पत्नीसमोर धरून म्हणाले, ‘‘सूनबाई, मिरी सांडलीत गं. महाग झालीत हल्ली, धुऊन घे.’’

पत्नीने ती ओंजळ वाटीत घेतली, ‘‘हो काका,’’ म्हणाली, आणि कुणाकडेही न पाहता स्वयंपाकघरात गेली. आत ती हसत होती की रडत होती, हे आम्हांला बराच वेळ कळले नाही. काकांना मी हाताला धरून बेसिनपाशी नेले आणि ‘‘प्रसादाआधी हात धुवायची आमच्याकडे नवी पद्धत आहे,’’ असे सांगून त्यांचे हात दोनदा साबणाने धुवायला लावले. तेवढ्यात चौरंगामागून ढब्बू बाहेर आला. त्याच्या तोंडातून दूर्वेची एक काडी लोंबत होती; एकवीस दूर्वांच्या जुडीतल्या उरलेल्या वीस त्याने आधीच संपवल्या होत्या. सगळे आईकडे पाहू लागले. आईने क्षणभर मूर्तीकडे पाहिले आणि निवाडा दिला, ‘‘उंदीर चालतो त्याला, हा का नको?’’

त्या रात्री विचार केल्यावर मला मान्य करावे लागले, की यात ढब्बूची चूक काहीच नव्हती. तो त्याच्या जागी गेला होता. संडास आम्ही हलवला होता. चाळीत कुणी एका रात्रीत सामाईक संडास उचलून जिन्याखाली नेला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा बिऱ्हाडांनी काय केले असते?

ढोलताशांच्या तिसऱ्या दिवशी टब सकाळपासून स्वच्छ होता. मी समाधानाने तसे बोलून दाखवले, तर कन्येचा चेहरा पांढरा पडला. सशाला उलटी करता येत नाही. त्याचे आतडे थांबले, म्हणजे खाणेही बंद आणि लेंड्याही बंद, तर दहा-बारा तासांत जिवावर बेतू शकते. भर मिरवणुकीतून टॅक्सी काढून डॉक्टरांकडे गेलो, औषधे आणि सुया झाल्या, आणि आवाजापासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवा असे सांगून त्यांनी आम्हांला परत पाठवले. शांत कोपरा घरात एकच होता, माझ्या आरामखुर्चीच्या मागचा. खुर्ची वडिलांची, शिसवी; ती सरकवून तिथे टब ठेवला. पहाटे पाचच्या सुमारास आम्ही चौघे टॉर्च घेऊन जमिनीवर बसलो असताना एक लेंडी पडली. बारीक, सुकलेली, वेडीवाकडी. आईने देवापुढे साखर ठेवली.

विसर्जन झाले, मखर उतरला, आणि मी टब पुन्हा पूर्वेच्या कोपऱ्यात नेला. संध्याकाळी ढब्बू आरामखुर्चीच्या जागी जाऊन बसला आणि त्याने माझ्याकडे पाहत पाहत फरशी भिजवली. दुसऱ्या दिवशीही तेच. जागा सशाने निवडायची आणि टब आपण तिथे न्यायचा, उलट कधीही नाही, असे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच सांगितले होते. टब खुर्चीच्या जागी, खिडकीपाशी, कायमचा गेला. राहिली खुर्ची. ती शयनगृहात मावेना, स्वयंपाकघरात पत्नीने येऊ दिली नाही, आणि शेवटी पॅसेजमध्ये, संडासाच्या दारासमोर, तिला जागा मिळाली.

घरात संडास एक आणि माणसे चार, त्यांत कन्येला आठ वाजून बारा मिनिटांची गाडी पकडायची असते. रोज सकाळी मी खुर्चीत बसून पेपर वाचतो आणि आत नळ बंद होण्याच्या आवाजाकडे कान लावून असतो. पलीकडे खिडकीतल्या उन्हात ढब्बू आपल्या टबात पाय पसरून बसलेला असतो. तोंडात भुलेश्वरचे गवत, डोळे अर्धे मिटलेले. मध्येच तो चावणे थांबवून माझ्याकडे पाहतो, आणि मग पुन्हा चावू लागतो.

‘‘बाबा, अजून पाच मिनिटं,’’ आतून आवाज येतो.