न जाता परिषद गाजवावी कशी

पहिलं काम म्हणजे परिषदेच्या पोस्ट ज्याखाली जमतात तो हॅशटॅग अंदाजाने ठरवायचा. आयोजकांनी तो कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो, पण पत्रिका वाचणं हे हजर राहणाऱ्यांचं काम. तुम्ही संस्थेचं लघुरूप घ्या आणि पुढे वर्ष चिकटवा. वर्ष दोन आकडी की चार आकडी, यावर सभागृहातल्यांचंही एकमत नसतं. अर्धी परिषद एका हॅशटॅगखाली भरते, अर्धी दुसऱ्याखाली. तुम्ही एकच बघा. मधे हायफन टाकलात तर सोन्याहून पिवळं! हायफनपाशी हॅशटॅग तुटतो, वर्ष बाहेर पडतं आणि उरलेल्या तीन अक्षरांखाली कुठलातरी फुटबॉल क्लब निघतो. तिथेही चर्चा चालूच असते. (२००७ साली क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर, म्हणजे आजच्या एक्सवर, हॅशटॅगची सूचना केली, तेव्हा उदाहरण म्हणून 'बारकॅम्प' या संमेलनाचंच नाव घेतलं होतं. म्हणजे सोय मुळात तुमच्यासाठीच झाली म्हणायची.)

शोधाचा निकाल 'टॉप'वरच राहू द्या, 'लेटेस्ट'वर नेऊ नका. 'लेटेस्ट'मध्ये भाषणं क्रमाने लागतात आणि काय चाललंय ते समजण्याचा धोका असतो. 'टॉप'मध्ये कालच्या उद्घाटनाचा सेल्फी आज दुपारपर्यंत पहिला राहतो. तारखा घालून शोधायची हौस असेल तर एक्सवर 'पर्यंत'च्या जागी समारोपाचीच तारीख द्या. ती तारीख शोधात धरलीच जात नाही, त्यामुळे शेवटचा दिवस परस्पर गळतो. निष्कर्ष बहुधा त्याच दिवशी असतात, ते सोडा.

एकाच वेळी पाच दालनांत पाच सत्रं चालू असतात आणि पाचही जणांचं बोलणं एकाच हॅशटॅगखाली येतं. दालन कोणतं, वक्ता कोण, हे लिहिणारा क्वचितच सांगतो. सगळं सलग वाचा. एका दालनातला प्रश्न आणि दुसऱ्यातलं उत्तर जुळलं की जो सिद्धांत तयार होतो, तो परिषदेत कुणीही मांडलेला नसतो.

खरी मेजवानी आकड्यांची. समजा, पोस्ट येते: 'नव्या पद्धतीने धोका निम्म्यावर!' सोबत तिसऱ्या रांगेतून काढलेला स्लाइडचा फोटो. खाली डावीकडे कुणाचं तरी टक्कल, आणि नेमकी त्याच्या मागे तळटीप. धोका १०० पैकी २ जणांवरून १ जणावर आला, की ४० वरून २० वर, ते त्या टक्कलाआड आहे. किती जणांवर पाहिलं, किती काळ पाहिलं, तेही तिथेच. फोटो मोठा करून बघायचा मोह आवरा. नाहीतरी मोठा केला की चौकोनच दिसतात. 'निम्म्यावर' हा शब्द उचला आणि पुढे ढकला. तुमच्यानंतरचा माणूस फोटोही काढून टाकेल, म्हणजे टकलाचीही अडचण उरणार नाही.

वक्त्यांच्या वाक्यांचंही तसंच. वक्ता म्हणतो, 'जुनी पद्धत कालबाह्य झाली असं अनेकांना वाटतं,' आणि श्वास घेतो. तेवढ्यात पोस्ट पडते: 'जुनी पद्धत कालबाह्य!' पुढची वीस मिनिटं तो हे मत कसं चुकीचं आहे ते पुराव्यानिशी सांगत असतो, पण तोवर लिहिणारा पोस्टला किती लाइक आले ते बघत असतो. तुम्ही लगेच रिपोस्ट करा, वर 'अगदी खरं' एवढंच लिहा. वक्त्याच्या नावावर त्याच्या विरोधकांचं मत जमा करणं घरी बसून इतकं सहज जमतं, हीच दूरस्थ सहभागाची कमाल.

प्रश्नही विचारायलाच हवा. सत्र कधी आहे हे आयोजकांच्या शहरातल्या घड्याळाप्रमाणे दिलेलं असतं. ते आपलंच समजून चाला, म्हणजे तुमचा प्रश्न सभागृहात झाडू मारत असताना पोचेल. तो चार पोस्टमध्ये तोडा, आणि हॅशटॅग फक्त तिसरीला लावा. वक्त्याला टॅग करताना नाव टाइप केल्यावर जे पहिलं खातं सुचेल तेच घ्या. त्याच नावाचा दुसराच कुणी गृहस्थ निघेल. त्याने सभ्यपणे 'तो मी नव्हे' म्हणून कळवलं तर वक्ते जबाबदारी झटकत आहेत, अशी पाचवी पोस्ट टाका. हिला मात्र हॅशटॅग आठवणीने लावा.