डिझेल हे आधी तेलाचं नाव नव्हतंच

‘डिझेल शब्दाचा खरा अर्थ’ नावाचा एक मेसेज परभणी-लातूरकडच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिझेल हे तेलाचं नाव, त्यावरून इंजिनाला नाव पडलं, डिझेलसाहेबाने पहिलं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं, म्हणून घाण्यावरचं करडईचं तेल ट्रॅक्टरला चालतं, एचएसडी (हाय स्पीड डिझेल) म्हणजे गाडी पळवणारं तेल, आणि डीईएफच्या (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडच्या) नावात ‘डिझेल’ आहे, तेव्हा ते डिझेलमध्येच मिसळायचं, हवं तर गोणीतला युरिया पाण्यात घोळून घरीच बनवायचं. चारही गोष्टी चूक आहेत. पहिली चूक फुकटात जाते, शेवटची इंजिनाला भोवते.

नावापासून सुरुवात करू. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर, जन्म १८५८, पॅरिसचा. १८९३ साली त्याला पेटंट मिळालं, १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी यशस्वी झाली. माणसावरून इंजिनाला नाव पडलं आणि इंजिनावरून तेलाला. या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तिच्यात तेलाचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. पेटण्याची ही रीत म्हणजे डिझेल. इंग्रजीत तर जुनी कार्ब्युरेटरची पेट्रोल गाडी चावी काढल्यावरही धडधडत राहिली, तर त्याला ‘डिझेलिंग’ म्हणतात. त्या गाडीत डिझेलचा थेंबही नसतो.

शेंगदाणा तेलाची गोष्ट खरी आहे, पण पहिल्या इंजिनाची नाही. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ‘ऑटो’ नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं, तेही फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. ते बनवलं होतं खनिज तेलासाठी. शिवाय त्या काळी तेल दाबाच्या हवेने आत फुंकलं जाई, त्यामुळे जाड तेलही फुटून विखरायचं. आजच्या ट्रॅक्टरचा पंप नुसतं तेलच दोनशे बार किंवा त्याहून जास्त दाबाने नोझलच्या बारीक छिद्रांतून ढकलतो. ४० अंशांना डिझेलचा जाडपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, करडई तेलाचा ३० च्या आसपास. मग फवाऱ्याऐवजी धार पडते, ती अर्धवट जळते, नोझलच्या टोकाला काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल ऑइल चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइल घट्ट करतं. पहिले काही तास मात्र इंजिन छान चालतं, म्हणून सांगणाऱ्याची खात्री पटलेली असते.

त्यातही करडई जास्तच वाईट. हे सुकणारं तेल आहे. हवा आणि उष्णता लागली की त्याचा चिकटा होतो. डब्याच्या तोंडाशी जो पिवळा थर नखाने खरवडावा लागतो, तोच इंजिनात रिंगांच्या खाचांत बसतो. बायोडिझेल वेगळं: तेलावर मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याची क्रिया करून ग्लिसरीन बाजूला काढतात, तेव्हा कुठे ते पातळ होतं. त्याशिवाय ते फोडणीचंच तेल, आणि तेही डिझेलपेक्षा महाग. मेसेज लिहिणाऱ्याने हिशेब कुठल्या पाटीवर केला, कोण जाणे.

‘एचएसडी’तला ‘हाय स्पीड’ गाडीचा नाही, इंजिनाच्या फेऱ्यांचा. मिनिटाला साधारण ७५० फेऱ्यांच्या वरच्या इंजिनांसाठी ते तेल. त्याखालच्या संथ इंजिनांसाठी आणि भट्ट्यांसाठी लाइट डिझेल ऑइल. विहिरीवरचं १५०० फेऱ्यांचं पाच एचपीचं इंजिन एका जागी बसून एचएसडीच पितं. ते कुठे पळत नाही.

आता डीईएफ. नावात डिझेल आहे ते धुराड्यापुरतं: डिझेलचा धूर स्वच्छ करायला त्यावर फवारायचं द्रावण. त्यात वजनाने ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी असतं. निळ्या झाकणाची टाकी वेगळी असते आणि ती असते मुख्यतः बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या ट्रक-बसला. आपल्याकडच्या बहुतेक लहान ट्रॅक्टरांना ती नसतेच. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, आणि त्यात बाययुरेट ही युरियातली अशुद्धी दीड टक्क्यापर्यंत चालते. डीईएफला मर्यादा ०.३ टक्का. लेप आणि बाययुरेट धुराड्यातल्या उत्प्रेरकावर (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर) आणि फवारणीच्या नोझलवर बसतात. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर आणखी खडा. अनुदानाचा युरिया असा वळवणं बेकायदा आहे, ते वेगळंच. विकतचं डीईएफही ३५ अंशांना जेमतेम सहा महिने टिकतं, म्हणून मे महिन्यात डबा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये.

आणि ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलंच, तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण तेवढ्यानेही पंप ते पुढे ओढू शकतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर बदला, मगच नवं डिझेल भरा.