कपाटामागची ओल : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घर विकताना पूर आणि ओल स्वतःहून सांगा, गिऱ्हाइकाला त्याचा माणूस आणून घर बघू द्या, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा भाबडेपणा आहे. सांगितलं की समोरचा पाच लाख पाडून मागणार. त्यापेक्षा रंग मारा, सगळ्यात चढी ऑफर धरा आणि संचकार, म्हणजे इसारा घेऊन विक्रीचा करार, करून मोकळे व्हा.

आम्ही अगदी तेच केलं होतं. वडील गेल्यावर कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर काढायचं ठरलं. खालच्या खोलीत 2019 ला पाणी आलेलं, परत 2021 ला. नदीकडच्या भिंतीला लोणा लागून पोपडे सुटत होते. ते खरवडलं, पुट्टी भरली, रंग दिला आणि आईचं लोखंडी कपाट तिथं सरकवलं. तीन बोली आल्या, त्यातली मोठी घेतली. संचकार झाल्यावर ते गृहस्थ गवंडी घेऊन आले. गवंड्यानं कपाट बाजूला करायला लावलं आणि खिशातल्या किल्लीनं भिंत वाजवत गेला. कमरेच्या वर टणटण, खाली सगळं बदबद. एका जागी अंगठ्यानं दाबलं, तर रंगासकट गिलावा आत गेला. कुणी काही बोललं नाही. आई चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आठ दिवसांनी चार लाख कमी करून मागितले. आम्ही इसाराची रक्कम भावाच्या फ्लॅटला भरून बसलो होतो, त्यामुळे घासाघीस करायला तोंडच राहिलं नव्हतं. व्यवहार मोडला आणि पैसे परत करताना उसनवारी करावी लागली.

दुसऱ्या वेळी गवंड्याकडून दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून घेतला, 1 लाख 40 हजार. येईल त्याला पाण्याची खूण दाखवली आणि तो कागद हातात दिला. दोघे परत फिरकले नाहीत. तिसऱ्यानं दिलेला आकडा पहिल्या बोलीपेक्षा दीड लाखानं कमी होता, पण खरेदीपत्राच्या दिवसापर्यंत तो हलला नाही.

आणि पूर लपणार कसा? पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं पोरंसुद्धा सांगतात, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. समोरच्या टपरीवर एक चहा घेतला की कुठवर पाणी होतं ते कळतं. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. तो न सांगणं ही फसवणूक धरली जाते. कपाटामागची भिंत आणखी काय असते?

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटतं. काहीजण इंजिनिअर आणतात तेच भाव पाडायला. म्हणून तपासणी संचकाराच्या आधी, एकदाच, ठरलेल्या आठवड्यात होऊ द्यायची. आकडा त्यानंतरच ठरवायचा, आणि पूर व ओल दाखवली आहे हे संचकारपत्रात लिहून घ्यायचं. नुसत्या चढ्या आकड्याला भुलू नका. त्यातलं कर्ज किती, घरचे किती, हे पहिल्यांदा विचारा. बँकेच्या माणसानं मूल्यांकन कमी धरलं तर मधली रक्कम गिऱ्हाईक कुठून आणणार? 'थोडे वर रोख देतो' म्हणणाऱ्याला आम्ही दारातूनच परत पाठवलं. प्रॉपर्टी कार्डावरची वारसांची नावं आणि घरफाळ्याची थकबाकी तेवढी आधी निस्तरा. बहिणीची सही राहिली की खरेदीपत्र अडलंच.

तुमचं दुधाळीतलं घर दिवाळीनंतर काढणार म्हणताय. पाऊस चालू आहे तोवर एकदा सगळी कपाटं भिंतीपासून ओढून बघा. ओल आत्ता दिसेल तेवढी नंतर दिसणार नाही. ओळखीचा गवंडी हवा असेल तर इथंच लिहा, मी आमच्या गवंड्याला विचारून कळवते.