'9 तास सांगितले, साडेदहा लागले' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. मुंबई ते लंडन 7,200 किलोमीटर, 9 तास, असं आम्ही सांगितलं. नोव्हेंबर 2025 मध्ये जाताना साडेदहा तास लागले, डिसेंबरात येताना मात्र 9च. अंतर तेच, मग विमान लांबून फिरवून जास्त पैसे घेतले काय, असं तुम्ही विचारलंत. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन विमानतळावर दीड तास ताटकळली, हेही लिहिलंत.

त्या दीड तासाची चूक माझी. तिकिटावर उतरण्याची वेळ संध्याकाळी 6 अशी छापलेली होती. पण तुम्हाला सोपं जावं म्हणून मी मराठीत जी चिठ्ठी लिहून दिली, तिच्यात दुपारच्या 1 मध्ये 9 तास मिळवले, लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे म्हणून तेवढे वजा केले आणि साडेचार लिहून मोकळा झालो. तिकीट समोर असताना हा हिशेब करायचं कारणच नव्हतं. चिठ्ठीवरची वेळ तुम्ही विश्वासाने मुलीला कळवलीत. तुमची, काकींची आणि तिचीही मनापासून माफी मागतो.

मात्र फिरवून पैसे घेतले, हे मी मान्य करणार नाही. विमानाचं भाडं रिक्षासारखं किलोमीटरवर चढत नाही. तिकीट काढताना ठरलं तेवढंच तुम्ही दिलंत.

7,200 हा आकडा पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेघेचा. समोरच्या पडद्यावर विमान वाकडं जाताना दिसलं, ते बरंचसं नकाशा सपाट असल्यामुळे. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा, म्हणजे लक्षात येईल. थोडा वळसा खराच होता. ती सरळ रेघ कराचीजवळून जाते, आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. तुमचं विमान भारतीय कंपनीचं, त्यामुळे ते समुद्रावरून गेलं.

पण जाण्यायेण्यातला मोठा फरक पाडतो तो वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, थंडीत तर जास्तच. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किलोमीटर धरा. समोरून 100चा वारा असेल तर जमिनीवरून ते 800नेच सरकतं, म्हणजे 7,200 किलोमीटरला 9 तास. येताना तोच वारा पाठीशी, वेग 1,000, की सव्वासात तासांच्या आसपास काम होतं. वाऱ्याविरुद्ध होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरायला नंबर लागेपर्यंत घिरट्या, सगळं त्यातच. कोकणकन्येलाही पावसाळी वेळापत्रकात जास्त वेळ लागतो, रूळ तेवढेच असतात.

हे सगळं तिकीट देताना सांगायला हवं होतं. साडेदहा तास बसायचंय हे माहीत असतं तर काकींच्या गुडघ्यांसाठी मी कडेची सीट आधीच मागून ठेवली असती. याची मला जास्त रुखरुख आहे.

आमची सेवा फी आज तुमच्या खात्यात परत पाठवली आहे. आता चिठ्ठीवर तिकिटावरचीच वेळ उतरवतो, तिथली आणि शेजारी आपली, दोन्ही. मुलीचा नंबर दिलात तर तिच्याशी मी स्वतः बोलेन.